स्की-डू स्कॅन्डिक: शिकारीला आणि बर्फावरच्या मासेमारीला कोणती घ्यावी, कशी चालवावी

स्नोमोबाइलच्या, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीच्या, शोरूममध्ये पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा येतो आणि तिथेच निवड चुकते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सिम्को किंवा निपिसिंग तळ्यावर मासे धरायला जायचं असेल, टेमागामीच्या जंगलात सशामागे जायचं असेल, तर मशीन ताशी १२० किलोमीटरनं पळतं की १४०नं, याला काडीचंही महत्त्व नाही. मागे स्लेड (सामानाची घसरगाडी) जोडलेली, त्यात ऑगर (बर्फाला भोक पाडायचं गिरमिट), तंबू, हीटर, पेट्रोलचा कॅन, वाटेत गुडघाभर ताजा स्नो आणि वेग ताशी १० ते १५ किलोमीटर. अशा वेळी इंजिन तापतं का, बेल्ट जळतो का, मागे घेताना मशीन रुततं का, एवढ्यावरच ते जोखायचं. या कसोटीवर स्की-डूची स्कॅन्डिक आमच्या मते आज ओंटारिओत मिळणाऱ्या यंत्रांत सगळ्यांत भरवशाची आहे. मात्र कुठलीही स्कॅन्डिक डोळे मिटून घेऊ नये. नाव एकच असलं तरी आतली यंत्रं वेगवेगळ्या स्वभावाची आहेत.

स्की-डू ब्रँड क्युबेकमधल्या व्हॅल्कोर्टचा. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये तो बाजारात आणला आणि आता बीआरपी ही कंपनी तो बनवते. त्यांच्या यादीत खेळाची, डोंगराची, लांबच्या सहलीची आणि कामाची अशी वेगवेगळी मशीन असतात. स्कॅन्डिक कामाच्या रांगेत बसते. एक्स्पिडिशन तिची भावकी, थोडी प्रवासाकडे झुकलेली. टुंड्रा त्याहून हलकी आणि अरुंद. दाट झाडीत एकट्यानं, फारसं ओझं न घेता फिरायचं असेल तर टुंड्रा उत्तम. दोन माणसं आणि भरलेली स्लेड असेल तर टुंड्राचा नाद सोडा.

ट्रॅक: इथेच निम्मा निर्णय होतो

ट्रॅक म्हणजे मशीनखाली फिरणारा दातेरी रबरी पट्टा. त्याची मापं इंचांतच सांगतात: रुंदी, लांबी आणि दात्यांची उंची. आखीव वाटांवर पळणाऱ्या मशीनचा ट्रॅक १५ इंच रुंद असतो. स्कॅन्डिकमध्ये २० किंवा २४ इंची मिळतो. लांबी १५४ इंचांच्या घरात आणि दाते साधारण दीड इंचाचे. रुंद आणि लांब ट्रॅक वजन जास्त जागेवर पसरवतो, म्हणून मशीन ताज्या स्नोवर तरंगतं आणि थांबून पुन्हा निघताना खड्डा खणत नाही. मासेमारीत दर अर्ध्या तासाला थांबायचं-निघायचं असतं, त्यामुळे हा गुण रोज कामी येतो.

२४ इंची ट्रॅक पाहिला की मोह होतो, पण सांभाळून. तो वळायला जड असतो. उतारावर आडवं जाताना शरीराचं वजन टाकून त्याला कलवणं जवळजवळ अशक्य. झाडांतली वाट चिंचोळी असेल तर बुंध्यांना घासतो, आणि ट्रेलरवर जागाही जास्त खातो. तो हवा असतो नवीन वाटा पाडणाऱ्यांना, लॉजवर सामान पोचवणाऱ्यांना, सापळे लावून फिरणाऱ्यांना. शनिवार-रविवार मासेमारी आणि मधूनमधून शिकार एवढंच असेल तर २० इंची घ्या. ज्यांनी २४ इंची घेऊन पश्चात्ताप केला असे बरेच भेटतात. २० इंची घेऊन पश्चात्ताप करणारे क्वचित.

दात्यांची उंची वाढवायचा सल्ला डोंगराळ भागातले लोक देतात. तो इथे लागू नाही. दोन-सव्वादोन इंची दाते वाऱ्यानं घासलेल्या टणक तळ्यावर वाकतात, तापतात, फाटतात. उलट तुमचं बहुतेक फिरणं उघड्या बर्फावर असेल तर ट्रॅकमध्ये खिळे बसवायचा किंवा मुळातच छोटे खिळे असलेला ट्रॅक घ्यायचा विचार करा. आइस रिपर नावाचा ट्रॅक तसा मिळतो. पण खिळ्यांनी मागची पकड वाढली की पुढच्या स्कींखालच्या कार्बाइड पट्ट्याही चांगल्या लागतात, नाहीतर हँडल वळतं आणि मशीन सरळच जातं. पट्टीची धार बोटानं चाचपून बघा. गोल, गुळगुळीत लागली तर ती बदलायची. स्कीच्या खालून दोन-तीन नट सोडवले की पट्टी निघते, गॅरेजमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

कुठलं इंजिन

स्कॅन्डिकमध्ये मुख्य निवड दोन इंजिनांत होते. पहिलं ६०० ईएफआय: टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सुमारे ८५ हॉर्सपॉवर. दुसरं ९०० एस (900 ACE): फोर-स्ट्रोक, तीन सिलिंडर, ९० ते ९५ हॉर्सपॉवर. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. चालवताना अजिबात सारखी नाहीत.

९०० एस कमी पेट्रोल पितं, साध्या ८७ ऑक्टेनवर चालतं, धूर आणि वास जवळजवळ नाही, आणि मंद वेगात जड स्लेड ओढताना एखाद्या शांत ट्रॅक्टरसारखं खेचतं. शिकाऱ्याला कमी आवाज हा मोठा फायदा आहे. पण ते पुढच्या बाजूला जड असतं. खोल स्नोमध्ये नाक बुडालं की दोन माणसांना धाप लागते. शिवाय त्याला ओढायची दोरी नसते. बॅटरी उतरली की संपलं. उणे ३० अंशांत रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या मशीनची बॅटरी सकाळी दगा देऊ शकते, म्हणून लिथियमचा छोटा जंप-पॅक जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायचा. स्लेडमध्ये ठेवला तर तोही गारठून निकामी होतो. तेल ०डब्ल्यू-४० सिंथेटिकच घालायचं. जाडसर तेल थंडीत घट्ट होतं आणि स्टार्टरचा जीव काढतं.

६०० ईएफआय हलकं असतं, थंडीत पटकन चालू होतं आणि अडकल्यावर एकट्यानं हलवता येतं. पेट्रोल जास्त लागतं आणि टू-स्ट्रोक तेलाची टाकी भरत राहावी लागते. हे तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं नसतं, वेगळ्या टाकीतून पंप ते इंजिनात पाठवतो. दर वेळी पेट्रोल भरताना तेलाची पातळी बघायची आणि एक लिटरची बाटली सोबत ठेवायची. तेलाचा दिवा लागल्यावर "तळ्यापलीकडे तर जायचंय" म्हणून पुढे गेलात तर पिस्टन अडकेल आणि तो खर्च नव्या मशीनचा विचार करायला लावेल.

आमचा कौल: एकट्यानं किंवा दोघांनी जाणाऱ्याला, दाट जंगलात शिरणाऱ्याला ६०० ईएफआय, २० इंची. दर वेळी भरलेली मोठी स्लेड आणि लांबचा पल्ला असेल तर ९०० एस. याच घराण्यात ६००आर ई-टेक आणि टर्बो इंजिनंही मिळतात. ती छान पळतात, पण या कामाला जादा पैसे मोजण्यासारखं त्यांत काही नाही. ई-टेकला तर ९१ ऑक्टेनची शिफारस आहे, आणि उत्तरेकडच्या छोट्या पंपावर ते नेहमी मिळेलच असं नाही.

विकणारा सहसा सांगत नाही असे तीन प्रश्न

पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा. लो गिअर आहे का? स्नोमोबाइलची ताकद रबरी बेल्ट आणि दोन क्लच यांतून ट्रॅककडे जाते. मंद वेगात जड ओझं ओढताना हाय गिअरमध्ये क्लच पुरता पकडत नाही, बेल्ट घसरतो, तापतो, त्यावर काचेसारखी चकाकी येते आणि शेवटी तो चिंध्या होतो. लो गिअर हा त्यावरचा खरा उपाय. स्पेसिफिकेशनमध्ये हाय, न्यूट्रल, लो, रिव्हर्स असं लिहिलेलं आहे का ते सही करण्याआधी वाचा. मॉडेल आणि साल बदललं की हे बदलतं. काही टू-स्ट्रोक मशीनमध्ये फक्त इलेक्ट्रॉनिक रिव्हर्स असतो, म्हणजे बटण दाबल्यावर इंजिन क्षणभर थांबून उलटं फिरू लागतं. तेवढ्यावर हलकं काम भागतं, ओझ्याचं नाही.

दुसरा प्रश्न, मंद वेगात इंजिन थंड कसं होतं? बहुतेक लिक्विड-कूल्ड मशीनमध्ये गरम कूलंट ट्रॅकवरच्या बोगद्यातल्या, म्हणजे ट्रॅक झाकणाऱ्या पत्र्याच्या छतातल्या, पट्ट्यांतून फिरतो आणि ट्रॅकनं उडवलेला स्नो त्याला थंड करतो. स्नो उडालाच नाही तर थंड होणार कसं? वाऱ्यानं साफ केलेल्या काळ्या बर्फावर हाच घोटाळा होतो. म्हणून पंख्यासकट वेगळा रेडिएटर आहे का हे विचारा, आणि नसेल तर आइस स्क्रॅचर लावून घ्या. स्क्रॅचर म्हणजे रेल्सना (ट्रॅकच्या आतल्या दोन लांब दांड्यांना) लावलेल्या स्प्रिंगच्या काड्या. त्या खाली सोडल्या की बर्फ खरवडतात आणि भुसा वर उडतो. ट्रॅकच्या आतल्या प्लॅस्टिकच्या स्लायडर पट्ट्यांनाही या भुशाचीच ओल लागते. कोरड्या बर्फावर त्या वितळून ट्रॅकच्या क्लिपांना चिकटतात, जळका वास येतो आणि मशीन ब्रेक लावल्यासारखं जड होतं. काही प्रकारचे स्क्रॅचर रिव्हर्स घेताना वाकतात किंवा तुटतात, तेव्हा मागे घेण्याआधी ते वर अडकवायचे. तापमानाचा दिवा लागलाच तर कडेला, जिथे स्नो साचलेला असतो तिथे जाऊन हळू दोन-चार फेऱ्या मारायच्या, नाहीतर इंजिन बंद करून बोगद्याच्या बाजूंवर फावड्यानं स्नो टाकायचा.

तिसरा प्रश्न मागच्या सस्पेन्शनचा. स्कॅन्डिकचं मागचं टोक बिजागरीसारखं वर वळतं. रिव्हर्स घेताना ट्रॅकचा मागचा भाग स्नोवर चढतो, खाली खणत नाही. ज्यांनी साध्या मशीनवर खोल स्नोमध्ये मागे घेऊन पाहिलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. शोरूममध्ये मागचं टोक हातानं उचलून बघा.

इतर कंपन्यांबद्दल थोडक्यात. यामाहाचं व्हीके५४० हे पंख्यानं थंड होणारं, साधं, दणकट मशीन आहे. कूलंट नाही, त्यामुळे काळ्या बर्फावरही तापण्याची चिंता फार कमी. जुनं चांगलं मिळालं तर घ्यावं असंच आहे. पण यामाहानं २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि उत्तर अमेरिकेसाठी २०२५ हे शेवटचं मॉडेल वर्ष ठरलं. सुटे भाग मिळत राहतील असं कंपनीनं सांगितलंय, तरी जवळचा डीलर ते ठेवतो का याची खात्री करून घ्या. आर्क्टिक कॅटचं बेअरकॅटही कामाचं, पण त्या कंपनीचं उत्पादन मध्यंतरी थांबलं आणि २०२५ मध्ये मालकी बदलली. तेव्हा जुनं बेअरकॅट घेणाऱ्यानंही आधी भागांचं बघावं. पोलारिसचं टायटन ताकदवान आहे. तुमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर ज्या कंपनीचा चांगला मेकॅनिक आहे, तिचं मशीन थोडं डावं असलं तरी चालेल. जानेवारीत बेअरिंग गेलं आणि भाग यायला तीन आठवडे लागले, तर मोसम संपला म्हणून समजा.

जुनं घेताना

किलोमीटरचा आकडा बघून भुलू नका. कामाच्या मशीननं कमी किलोमीटरमध्ये जास्त कष्ट उपसलेले असतात. आधी मागच्या हुकभोवतीचा पत्रा आणि पाय ठेवायच्या पट्ट्यांचे जोड बघा. जड स्लेडच्या हिसक्यांनी तिथे तडे जातात, रिव्हेट ढिले होतात. मग मागची बाजू स्टँडवर उचलून ट्रॅक हातानं एक पूर्ण फेरा फिरवा. फाटलेले दाते, बाहेर डोकावणारे फायबरग्लासचे दांडे, हरवलेल्या धातूच्या क्लिपा दिसतील. चाकं एकेक हलवून बघा. खरखर आली तर बेअरिंग गेलं. क्लचच्या चकत्यांवर नखात अडकेल एवढी खाच नको. चेनकेसच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीच्या) तेलात चांदीसारखी बारीक चमक ठीक, पण तुकडे दिसले तर सरळ निघून या. टू-स्ट्रोकच्या दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक नसावा. आणि व्हीआयएन, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, घेऊन त्यावर कर्जाचा बोजा नाही ना, याची नोंद तपासा.

नव्या मशीनवर डीलर वाहतूक, जोडणी आणि कागदपत्रांचा खर्च वेगळा लावतात, त्यावर ओंटारिओत १३ टक्के एचएसटी हा विक्रीकर. सगळं धरून गेटबाहेरची किंमत लेखी मागा. नवीन मशीनला पहिले १० तास किंवा ५०० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल देऊ नका आणि एकाच वेगात खूप वेळ चालवू नका. नवा बेल्टही पहिले ५० किलोमीटर सांभाळून वापरायचा.

ट्रॅकचा ताण मालकानं स्वतः मोजायला शिकलंच पाहिजे. मागची बाजू उचलायची, रेलच्या मधोमध ट्रॅकला ७ किलोच्या आसपास वजन टांगायचं आणि स्लायडर ते ट्रॅक किती लोंबतो ते मोजायचं. साधारण ३० ते ४० मिलिमीटर, नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमधला घ्या. फार ताणला तर ताकद वाया जाते आणि बेअरिंगं मरतात. ढिला असेल तर ब्रेक मारल्यावर दात उडून धडधड आवाज येतो. नवीन ट्रॅक पहिल्या काही दिवसांत ढिला होतोच, तेव्हा लवकर मोजा. मागच्या आसाचे दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवायचे आणि ट्रॅक सावकाश फिरवून तो दोन्ही रेल्सपासून सारख्या अंतरावर चालतो का ते बघायचं.

तळ्यावर

सगळ्यांत आधी बर्फाची जाडी. कॅनडियन रेड क्रॉस स्नोमोबाइलसाठी २५ सेंटिमीटर सांगतं. अमेरिकेतल्या काही राज्यांचे तक्ते याहून बरेच कमी आकडे देतात, आणि ते आकडे व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. स्कॅन्डिकच्या वर्गातली मशीन कोरडीच, म्हणजे पेट्रोल-तेल न भरता, २६० ते ३३० किलोची असतात. त्यावर दोन माणसं आणि भरलेली स्लेड धरली की अर्धा टन सहज ओलांडतो. २५ सेंटिमीटर धरून चाला, तेही स्वच्छ, निळसर-काळ्या बर्फाचे. पांढरा, दुधी बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणजे जाडी दुप्पट लागते. काठापासून निघताना आणि मग ठरावीक अंतरावर लोखंडी पहार मारून किंवा ऑगरनं भोक पाडून मोजत जायचं. सगळीकडे जाडी सारखी असते हा समज जीवघेणा आहे. सिम्को आणि कुचिचिंग यांच्यामधल्या अॅथर्ली नॅरोजसारख्या अरुंद जागी प्रवाहामुळे बर्फ पातळच राहतो. नद्यांची मुखं, पूल आणि हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या खासगी धक्क्यांच्या आजूबाजूलाही तसंच. मोठ्या तळ्यांवर बर्फाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन उंचवट्याची रांग उठते, तिच्या कडेला उघडं पाणी असू शकतं. निपिसिंगवर वारा सुटला की ती रांग रात्रीत जागा बदलते. काल ओलांडलेली जागा आज तशीच असेल असं धरून चालू नका.

पाण्यात तरंगायला मदत करणारा फ्लोटर सूट घालायचा आणि बर्फात रोवायचे खिळे गळ्यात अडकवायचे. स्लेडच्या पेटीत ठेवलेले खिळे पाण्यातल्या माणसाच्या कामाचे नाहीत. मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गिजब्रेख्ट यांचं १-१०-१ हे सूत्र पाठ असू द्या. पहिला १ मिनिट श्वास ताब्यात आणायचा, घाबरून हातपाय मारायचे नाहीत. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातापायांत काम करण्याइतकी ताकद असते, तेवढ्यात जिकडून आलात तिकडेच तोंड करून पाय मारत आडवं वर सरकायचं. शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. इंजिन बंद करणारी टेदरची दोरी कायम अंगाला अडकवलेली हवी.

जास्त वेळा होणारा त्रास मात्र बुडण्याचा नाही, स्लशचा आहे. बर्फावर जाड स्नो साचला की त्याच्या वजनानं बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि स्नोच्या चादरीखाली लगदा तयार होतो. वरून काही दिसत नाही. टेमागामीकडच्या, जास्त स्नो पडणाऱ्या तळ्यांवर हे नेहमीचंच. मशीन अचानक जड झालं, मागची खूण करडी-ओली दिसली, की थ्रॉटल सोडू नका. सरळ रेषेत, एकसारख्या वेगानं पुढे काढा, मोठं वळण घेऊन आपल्याच जुन्या खुणेवर परत या. थांबलात तर रुतलात. रुतलातच तर आधी स्लेड सोडा. स्की आणि ट्रॅकसमोरचा लगदा फावड्यानं काढा, फांद्या तोडून ट्रॅकखाली घाला, मशीन एका बाजूला कलवून ट्रॅकमधला लगदा झाडा आणि मगच काढायचा प्रयत्न करा. थ्रॉटल देऊन ट्रॅक नुसता फिरवला तर खड्डा वाढतो आणि बेल्ट जळतो.

बाहेर काढल्यावरचं काम बरेच जण विसरतात. ओला ट्रॅक तासाभरात दगड होतो. कोरड्या स्नोमध्ये काही मिनिटं जोरात फिरवून लगदा उडवा, आणि मशीन उभं करताना ट्रॅक आणि स्कींखाली फांद्या किंवा लाकडाच्या पट्ट्या घाला, म्हणजे खाली चिकटणार नाही. तरीही गोठलं तर मागचं टोक उचलून आपटा, स्की दोन्ही बाजूंना हलवून सुट्या करा. थ्रॉटलच्या जोरावर सोडवायला जाऊ नका. स्लशच्या दिवसानंतर सस्पेन्शनच्या ग्रीस निपलांत नवीन ग्रीस दाबून पाणी बाहेर काढायचं.

स्लेड दोरीनं बांधून ओढू नका. उतारावर ती तुमच्या पाठीत येते. कडक दांडीची हिच लावा आणि जड सामान स्लेडच्या मध्यापासून किंचित पुढे ठेवा. ऑगरच्या पात्याला झाकण हवंच. मासे शोधायच्या सोनारची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर शून्य अंशाखाली चार्ज करू नका, सेल खराब होतात. मशीनच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर वाटेत चार्ज करायचा बेत म्हणूनच बाद.

उणे २० अंशांत ताशी ५० किलोमीटरनं गेलात तर चेहऱ्याला उणे ३५ लागतं. उंच काच आणि गरम मुठी ही चैन समजू नका. अंगठा गरम करणारी तारही पाहिजे, कारण थ्रॉटल अंगठ्यानंच धरलेला असतो आणि सगळ्यांत आधी तोच बधिर होतो.

बंदूक घेऊन

ओंटारिओत मूस आणि हरणांचे बंदुकीचे मोसम बऱ्याच भागांत पुरेसा स्नो पडायच्या आतच संपतात. म्हणून स्नोमोबाइलवरची शिकार म्हणजे मुख्यतः स्नोशू हेअर, म्हणजे पांढरा ससा, आणि कायोटी हा लांडग्याच्या कुळातला लहान प्राणी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना शिकारीची सवयच नाही. इथे सुरुवात करायची तर बंदूक सुरक्षेचा आणि शिकारीचा अभ्यासक्रम, पीएएल हा बंदूक बाळगायचा परवाना, आउटडोअर्स कार्ड हे शिकार-मासेमारीचं ओळखपत्र आणि त्या प्राण्याचा परवाना, हा क्रम आहे.

कायदा साफ आहे: वाहनात किंवा वाहनावर भरलेली बंदूक नको, वाहनावरून गोळी झाडायची नाही, आणि स्नोमोबाइल हे वाहनच. चेंबर रिकामं पण गोळ्यांचं मॅगझिन बंदुकीला लावलेलं, तरी ती भरलेलीच धरली जाते. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत बंदूक रिकामी आणि म्यानात. मशीननं प्राण्यांचा पाठलाग करणं बेकायदा आहेच, शिवाय जानेवारीत जेमतेम तग धरलेल्या जनावराला पळवून दमवणं म्हणजे त्याला मारण्यासारखंच. पायवाटेच्या तोंडाशी मशीन ठेवायचं, स्नोशू (स्नोवर न रुतणारे रुंद जोडे) घालायचे आणि पुढे चालत जायचं.

बंदूक पाठीवर आडवी लटकवून जाऊ नका. फांदीत अडकते, आणि पडलात तर मणक्यावर येते. कडक प्लॅस्टिकचं, पूर्ण बंद होणारं म्यान घ्या. स्कॅन्डिकच्या बोगद्यावर लिंक नावाची झटपट अडकवायची व्यवस्था असते, तिच्यावर पेट्या आणि कॅन बसतात. पण मागे ट्रॅकनं उडवलेल्या स्नोची धूळ सतत घुमत असते, ती प्रत्येक फटीत शिरते. म्हणून म्यान शक्यतो पुढे, बाजूला लावा आणि नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा चिकटवा, म्हणजे स्नो आत जाणार नाही. बोल्टमधलं जाड तेल पुसून काढा, ते थंडीत चिकट होतं आणि फायरिंग पिन मंदावते. ग्रॅफाइटसारखं कोरडं वंगण पुरतं. मशीनच्या थरथरीनं दुर्बिणीचे स्क्रू सैल होतात, मोसमात दोन-तीनदा ते तपासून निशाणा पुन्हा जुळवा. रात्री बंदूक गरम खोलीत आणली की तिच्यावर दव सुटतं आणि सकाळी बाहेर नेल्यावर तेच आत गोठतं. एक तर ती बाहेरच सुरक्षित, कुलूपबंद जागी थंड राहू द्या, नाहीतर केसमध्येच हळूहळू गरम होऊ देऊन मग पूर्ण कोरडी पुसा.

जंगलात उताराला आडवं जाताना स्कॅन्डिक खालच्या बाजूला घसरायला बघते. वरच्या पट्टीवर उभं राहून वजन चढाकडे टाका, आणि अडकायची लक्षणं दिसली की स्की उताराकडे वळवा. चढाकडे वळवलेलं मशीन हमखास रुततं. ताज्या स्नोमध्ये थांबायचं असेल तर ब्रेक दाबू नका. थ्रॉटल सोडून ते आपोआप थांबू द्या, म्हणजे पुढे स्नोची भिंत तयार होत नाही. निघण्याआधी समोरची दहा-पंधरा पावलं स्नोशूनं तुडवून घेतली तर जड स्लेडसकट मशीन पहिल्याच प्रयत्नात निघतं.

सोबत काय हवं: जादा बेल्ट, तो बदलायचं अवजार, टू-स्ट्रोकला स्पार्क प्लगची जोडी, फावडं, छोटी हातानं ओढायची विंच आणि दोर, करवत, स्नोशू, आग पेटवायचं साहित्य, आणि सॅटेलाइट मेसेंजर, कारण टेमागामीच्या आत फोनला रेंज नसते. बेल्ट बदलायचा सराव घरी गॅरेजमध्ये हातमोजे घालून करा. तुटलेल्या बेल्टचे धागे क्लचभोवती गुंडाळलेले असतात, ते सगळे काढल्याशिवाय नवा बसवू नका, नाहीतर तोही काही किलोमीटरांत जातो. पेट्रोलचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा: एक जायला, एक यायला, एक स्लश आणि ताज्या स्नोसाठी राखीव.

नोंदणी, विमा, चालकाचा परवाना आणि हेल्मेट लागतंच, आणि ओएफएससी या ओंटारिओतल्या स्नोमोबाइल क्लबांच्या महासंघाच्या वाटा वापरणार असाल तर त्यांचा परमिटही. बर्फावरच्या मासेमारीत बहुतेक तळ्यांवर दोन गळ चालतात, पण गळापासून ६० मीटरच्या आत आणि तो नजरेत राहील असंच बसावं लागतं. तेव्हा मशीन घेऊन दुसऱ्या जागेचा अंदाज घ्यायला निघालात तर गळ काढून निघा. कापडी तंबूचं क्षेत्रफळ ७ चौरस मीटरपर्यंत असेल तर त्याची नोंदणी लागत नाही. लाकडी झोपडी असेल तर नंबर लागतो, आणि सिम्कोवरून ती १५ मार्चपर्यंत हलवावी लागते.

हायवे ४०० आणि ११ वर हिवाळाभर मीठ टाकतात. ट्रेलरवर मशीन उघडं नेलं तर स्टीअरिंगचे सांधे, हिच आणि वायरिंगचे जोड दोन मोसमांत गंजतात. पुढे मिठाचं पाणी अडवणारी ढाल लावा, मशीनवर घट्ट आवरण घाला, आणि घरी आल्यावर थंडी कमी असलेल्या दिवशी कमी दाबाच्या पाण्यानं खालून धुवून काढा. जास्त दाबाची धार बेअरिंगच्या सीलवर मारू नका.